सातवी ब आणि मेलेला उंदीर

आमच्या शाळेचे शिपाई मैंदर्गी गावचे. प्लेगचा धडा आला की हे नोटिशीची वही घेऊन दारात उभे राहणार आणि मी लशीपर्यंत पोचायच्या आत म्हणणार, "सर, उंदीर पडला की गाव सोडायचं, ते आदी सांगा की." दरवर्षी हेच. मुलं हसायची, माझा तास बुडायचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी तर धड्याच्या दिवशीच वर्गात मेलेला उंदीर निघाला. मला न विचारता शिपायांनी सगळी सातवी ब मैदानात नेऊन बसवली आणि वर्गाला कुलूप घातलं.

"अहो, काल उंदराचं औषध तुम्हीच ठेवलंत ना?" मी वैतागून विचारलं.

"व्हय की. पन त्यानंच मेला कशावरून?"

सोलापूरच्या उन्हात, फळ्याशिवाय मी लस शिकवली. तास संपताना कुलूप निघालेलं दिसलं, तसा तावातावानं आत गेलो. उंदीर पुरून, फरशी धुऊन ते पहिल्या बाकावर एकटेच बसले होते.

"आता काय राहिलं?"

"गावात परत येताना आदी एकट्यानं ऱ्हाऊन बगायचं, मग लेकरं आणायची. तुमी बी भाईर थांबा, सर."