वैशाखातली वेचणी

भुताखेताची गोष्ट कोणी काढली की मी उठून जायचो. अंगात येणाऱ्या बायांना तर तोंडावर बोललो आहे — काम नको म्हणून घुमता. तोच मी आज हे लिहायले बसलो, याचं माझं मलेच नवल वाटते. शिकलो कमी. चुकलं तर सांभाळून घ्या.

गाव धामणगाव बढे, मलकापूरकडचं. घरचं थोडं वावर, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं. माझी मंडळी गिरजा तिशीत होती तेव्हा हे सुरू झालं. बसल्या बसल्या नजर थांबायची, तोंड चावल्यासारखं हलायचं, अन दोन्ही हात हवेत कापूस वेचायचे... बोंडातून ओढायची, कमरेच्या ओटीत टाकायची. थोड्या वेळानं परत यायची अन म्हणायची, "काय बोलत होतो आपण?"

गावानं देवी ठरवली. शेजारची कासाबाई नारळ घेऊन आली. "माय, औंदा आमाले कापूस किती होईन?"

गिरजा तेवढ्यात शुद्धीवर आली. "मले काय विचारतं वं कासाबाई? पेरलं तुह्या नवऱ्यानं."

मी तिले मलकापुरून गाडीत बसवलं अन मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो काढला. त्यात चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत गाठ आहे. जुनी, हळू वाढणारी, म्हणून तिच्यात चुना साठलाय. अशी क्वचितच दिसते. डोकं उघडून निघेल तेवढी काढू. पण बोलण्याची जागा लागूनच आहे. वाचा जाऊ शकते, जीवही. नाही काढली तर झटक्यांच्या गोळ्या द्या. मग किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही."

मी म्हटलं, काढा. गिरजा म्हणाली, "आधी घरी चला."

गोळ्यांनी झटके कमी झाले, पण बाई दिवसभर पेंगायची. मी ऑपरेशनचा धोशा लावला.

"गाठ वाढून मरशीन एक दिवस."

"अन मुकी होऊन जगली, तर तुमच्याशी भांडन कोन?"

वैशाखातली दुपार होती. वावरात नुसती ढेकळं, पऱ्हाट्या उपटून चुलीत गेलेल्या. ओसरीवर तिचे हात हलायले लागले. मले राग आला. मी दोन्ही हात धरले, घट्ट.

...अन ऊन गेलं. दवातली सकाळ होती. कमरेइतकी पऱ्हाटी, सगळी बोंडं फुटलेली, वावराले बांध म्हणून कुठं नाही. पुढं बाया बोलत होत्या. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. गिरजा शेजारच्या ओळीत. मान वर न करता म्हणाली, "आले काय? मंग उभे काऊन? धरा ओळ."

मी जन्मात कापूस वेचला नव्हता. आमच्याकडं ते बायांचं काम, गडीमाणसानं केलं तर हसतात. तिथं कोणी हसलं नाही. मी वेचत राह्यलो, तिच्यामागं, हळूहळू... किती वेळ, कोण जाणे. घाई कशाचीच नव्हती.

मग ओसरी. ऊन तसंच. गिरजा माझ्याकडं पाहत होती.

"तुमी कसं वेचता हो? अर्धा कापूस बोंडातच ठेवता."

मी बोटं पाह्यली. वाळल्या बोंडाच्या टोकांनी होतात तसे ओरखडे, नखापाशी बारीक रक्त.

त्यानंतर मी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. तिले तिथून ओढून आणावं, असं वाटेना.

गाठ निजून राह्यली. पोर लहान होती, तिचं लग्न झालं, गिरजानं नातवंडं खेळवली. इतकी वर्षं ती जगीन, असं कोणाले वाटलं नव्हतं. मग एका पावसाळ्यात तिले शब्द सापडेनात. मीठ पाह्यजे असलं की "ते... पांढरं" म्हणायची. उजवा हात लटकला, तर डाव्यानं वेचायची. तो हात मी पुष्कळदा धरला. मले कुठं जाता आलं नाही. शेवटी तोही थांबला.

ती गेल्यावर त्याच डॉक्टरांना जाऊन भेटलो. म्हातारे झाले होते. तिचं ते भांडणाचं बोलणं सांगितलं, बोटांचं सांगितलं. ते हसले नाहीत. मी विचारलं, "तेव्हाच कापली असती तर?"

"कदाचित टेबलावरच गेल्या असत्या. कदाचित आजही तुमच्याशी भांडत असत्या. बाबा, खरंच सांगता येत नाही."

परतीच्या गाडीत मी डॉक्टरांची दोन्ही उत्तरं मनात धरून पाह्यली. पह्यलं धरलं की डोळा लागते. दुसरं धरलं की नाही लागत.