देव्हाऱ्यातला नंबर

सोसायटीतली सगळी मुलं खराडीत कॉम्प्युटरपुढे बसली, तेव्हा कर्वेनगरच्या श्यामसुंदर परचुऱ्यांच्या स्पृहानं भूशास्त्र घेतलं. "दगड ओळखायला पदवी लागते?" हे बाबांचं रोजचं पालुपद. उन्हाळ्यात ती हिमालयात फील्ड कोर्सला गेली आणि रंगानं नंबर घातलेले पिशवीभर दगड घेऊन आली. सकाळी पाहते तर त्यातला एक काळा गोल दगड गंध लावून देव्हाऱ्यात!

"बाबा, ते सॅम्पल आहे! समुद्रातल्या प्राण्याचा जीवाश्म!"

"असेल. आमच्यात त्याला शाळिग्राम म्हणतात."

शेवटी सॅम्पल न्यायला तिचे सर स्वतः आले. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, तीर्थ घेतलं आणि "तेवढा नंबर पुसू नका," असं सांगून रिकाम्या हातानं गेले.

तेव्हापासून परचुरे नंबर वाचवून देवाला आंघोळ घालतात. पाहुण्यानं चुकून दगड म्हटलं, तर फणकारतात, "अहो, सॅम्पल म्हणा!"