दळवींची पोरगी कॅनडात उभी राहिली

आमची सून दुकानातून आणलेली प्रत्येक पिशवी घडी घालून सिंकखालच्या प्रेसमध्ये कोंबते. इथं आयर्लंडात कपाटाला प्रेस म्हणतात. का म्हणतात ते मला विचारू नका. एक दिवस ते दार उघडलं की सगळ्या पिशव्या अंगावर येतात. किस्स्यांचं तेच होतं. आत जाताना त्रास नसतो, एक-एक करून जातात. मग कुणीतरी दार उघडतं.

या खेपेला दार इंदूताईंनी उघडलं. "भाऊ, ते कॅनडाच्या इलेक्शनचं लिहून काढा न बाप्पा. विसरून जासाल!"

म्हटलं, "माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन कोण तपासणार?"

"कोणी तपासू नका म्हणून लिहा."

तर कोणी तपासू नका.

किलकेनीत कॅसलच्या बागेत नदीकडे तोंड केलेला एक बाक आहे. दर बुधवारी दुपारी तीनला आम्ही म्हातारे तिथं बसतो. पोरं-सुना दवाखान्यात ड्युटीवर नाहीतर लॅपटॉपपुढं. मी विट्याकडचा, उभा जन्म जीप चालवली, आता मुलाकडे कायमचा येऊन पडलोय. इंदूताई नागपूरच्या, लेकीकडे असतात. आणि त्या वर्षी दळवी नवरा-बायको तीन महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. दळवी म्हणजे तहसील कचेरीतून रिटायर झालेले अव्वल कारकून. तीस वर्षं निवडणुकीची ड्युटी केलेला माणूस. बाकावरसुद्धा असा बसायचा, जसा काही पुढून मतदार येणार आहेत.

*

पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, की प्रत्येक निवडणुकीला माझी जीप प्रचाराला असायची. पक्ष कुठला का असेना. जो डिझेल भरेल त्याचा भोंगा.

दळवींनी मान वळवली. "जीपला परवानगीचा कागद असायचा का?"

"असायचा की!"

"काचेवर लावलेला?"

"काचेवर. झेरॉक्स."

"आणि मूळ कागद?"

"तो पहिल्या जीपवर. आमच्या चार जीप होत्या!"

इंदूताई हसून बाकावरून घसरल्या. दळवी उठले आणि पुढचे दोन बुधवार माझ्याशी बोलले नाहीत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा गुन्हा, तोही दुसऱ्या तालुक्यातला!

*

दळवीवहिनी स्वभावानं गोड. इंदूताईंनी एकदा त्यांना विचारलं, "साहेब मत कोणाले देतात हो?"

"माहीत नाही."

"असं कसं? चाळीस वर्षं झाली न लग्नाला!"

"लग्नानंतर पहिल्या निवडणुकीला मी विचारलं होतं. म्हणाले, सुधा, मतदान गुप्त असतं."

"मग तुम्ही काय म्हणाल्या?"

"मीही माझं सांगितलं नाही. अजून विचारतात कधी कधी."

दळवी नदीकडे बघत होते. कान लाल झाले होते.

*

एका बुधवारी वहिनी डब्यातून शेवेचे लाडू घेऊन आल्या. म्हणाल्या, "आमची वैशाली उभी राहिलीय. कॅनडाच्या निवडणुकीत."

मी टाळी वाजवली. इंदूताईंनी लाडू घेतला. दळवी उठले आणि दूर झाडाखाली जाऊन उभे राहिले.

मग कळलं. ही त्यांची थोरली. कॅनडाच्या मधल्या भागात, गव्हाच्या मुलखात, एका लहान गावात राहते. त्या गावातून दवाखान्याच्या गावाला जाणारी बस बंद झाली, म्हातारी माणसं अडकली. ही दोन वर्षं त्या बससाठी भांडली. भांडता भांडता तिथल्या नारंगी रंगाच्या पक्षानं तिला तिकीट दिलं. पण उभं राहायचं तर तिथलं नागरिकत्व पाहिजे, आणि ते घेतलं की आपला पासपोर्ट परत करावा लागतो. दोन्हीकडचं चालत नाही. तिनं परत केला. त्या दिवसापासून दळवी तिच्याशी बोलले नाहीत.

नुसतं बोलणं सोडून थांबले नाहीत. ती अठराची झाली तेव्हा गावच्या मतदार यादीत तिचं नाव यांनीच स्वतःच्या हातानं घातलेलं. पासपोर्ट गेल्याचं कळल्यावर हे रिटायर झालेले गृहस्थ छत्री घेऊन कचेरीत गेले आणि नाव कमी करायचा फॉर्म भरायला बसले. तिथली पोरं यांच्याच हाताखाली तयार झालेली. एक जण म्हणाला, "साहेब, असू द्या की एक नाव. कोण बघतंय?"

दळवी म्हणाले, "मी बघतोय."

घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. हे वहिनींनी सांगितलं. हळू सांगितलं, झाडापर्यंत जाऊ नये म्हणून.

इंदूताई काही पोटात ठेवणाऱ्या नव्हेत. दळवी परत येऊन बसल्यावर म्हणाल्या, "अन् इथल्या मुलानं आयरिश पासपोर्ट घेतला मंग?"

"घेईल तेव्हा त्याचाही फॉर्म भरीन."

वहिनी लाडवाचा डबा बंद करत म्हणाल्या, "म्हणजे घराच्या यादीत आपण दोघंच उरू. तेही एकमेकांना न सांगणारे."

*

त्यानंतर आमचा बाक म्हणजे कॅनडाचं प्रचार कार्यालय झाला. तिथं पक्ष रंगावर ओळखायचे. लाल, निळा, नारंगी, हिरवा. आणि एक फिकट निळा, तो एकाच प्रांतात उभा राहतो. इंदूताई म्हणाल्या, "आपल्यासारखंच होय. प्रत्येक प्रांताचा रुसवा वेगळा!"

देशात खरी झुंज लाल आणि निळ्याची. वैशालीच्या जागी मात्र निळाच निवडून येत आलेला. वेबसाइटवर नकाशा होता, त्यात मतदानाच्या महिनाभर आधीच तिची सीट निळ्यानं रंगवून टाकलेली! मला राग आला. अरे, आमच्याकडे निकालाच्या आदल्या दिवशी पडणारा माणूससुद्धा हार-गुलालाची ऑर्डर देऊन बसतो.

वहिनींनी तिला फोन लावून माझ्या हातात दिला. म्हटलं, "बाळ, तुझ्याकडे जीप किती?"

"काका, माझीच गाडी आहे. जुनी."

"भोंगा?"

"इथे भोंगा चालत नाही."

"जेवणं?"

"अहो काका, मतदाराला जेवण घातलं तर माझी उमेदवारी जाईल."

"मग लोक मत कशासाठी देणार?"

"बससाठी."

पन्नास वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला बस म्हटली की पटतंच.

तरी एक विचारलंच. "डिपॉझिट तरी वाचेल का?"

"इथे आता डिपॉझिट नसतंच, काका."

म्हटलं, मग त्या देशात हरण्यात काय अर्थ आहे! हरलेल्याचं काहीतरी जप्त व्हायला नको का?

शेजारी मॉरीस बसला होता. इथलाच म्हातारा, कुत्रं घेऊन येतो, तरुणपणी निवडणुकीत दारोदार फिरलेला. त्याला इंदूताईंनी आपल्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यानं एकच विचारलं, की पोरगी दारात कशी बोलते? वहिनी म्हणाल्या, छान बोलते. "आह शुअर, शी'ल बी ग्रँड!" तो म्हणाला. याचा मला काडीचा उपयोग नाही. या गावात पाऊस आला तरी ग्रँड, गुडघा दुखला तरी ग्रँड.

*

एका सकाळी नातीची पुस्तकं परत करायला लायब्ररीत गेलो, तर कोपऱ्यात दळवी. पुढ्यात छापलेल्या कागदांचा गठ्ठा, हातात पट्टी आणि पेन्सिल. ओळीखाली पट्टी धरून वाचत होते.

"काय हो, कसला अभ्यास?"

त्यांनी कागद उलटा केला. पण मोठं लाल पान दिसलंच, मेपलचं. मला इंग्रजी येत नाही, पण झेंडा ओळखतो.

"कॅनडाच्या निवडणुकीचे नियम आहेत," ते म्हणाले. "वेळ जात नव्हता म्हणून वाचतोय."

त्या बुधवारी बाकावर त्यांनी नदीला उद्देशून एक वाक्य टाकलं. "उमेदवारी अर्जावर जेवढ्या सह्या लागतात, तेवढ्याच घेऊन जाणारा माणूस मूर्ख. दहा-वीस बाद होतातच. कुणाचा पत्ता चुकतो, कुणी दुसऱ्या मतदारसंघातला निघतो."

वहिनींनी ते नदीकडून उचललं आणि घरी जाऊन कॅनडाला पोचवलं.

दहा दिवसांनी वैशालीचा फोन. अकरा सह्या बाद झाल्या होत्या, जास्तीच्या होत्या म्हणून अर्ज वाचला. "आई, हे तुला कुणी सांगितलं?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणून जोरात मान हलवली. वहिनी माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "विट्याच्या ड्रायव्हरकाकांनी."

तिनं मला हा एवढा लांब आभाराचा मेसेज पाठवला. चौथी पास माणसाला, निवडणूक कायद्यातला जाणकार म्हणून! दळवींना वाचून दाखवला. ते म्हणाले, "एक शब्द चुकलाय तिचा. पण ठीक आहे."

*

माझी नात ओवी नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इथल्या इंग्रजीत. तिला ही गोष्ट सांगितली, तर म्हणाली, "बट आजोबा, व्हाय डोन्ट दे जस्ट टॉक, लाइक?"

तिला म्हटलं, गप बस आणि दूध पी. बरोबर प्रश्न विचारणाऱ्या पोरांना मी असंच बोलतो.

*

मतदानाला आठवडा राहिला. वहिनींनी बाकावरच फोन लावला, स्पीकरवर. तिकडे सकाळ होती, वैशालीचा आवाज बसलेला.

"आई, रोज तेच ऐकतेय. लोक दारात चहा विचारतात. म्हणतात, तू चांगली आहेस, बसचं तूच केलंस. पण या वेळी निळ्याला अडवायचंय, म्हणून मत लालला. तुला दिलं तर वाया जाईल."

मी म्हटलं, "म्हणजे वाया जाऊ नये म्हणून आवडत्या माणसाला द्यायचं नाही! धन्य आहे."

"लोकांचं चूक नाही, काका. मलाच कधी कधी वाटतं, उगाच उभी राहिले."

तेवढ्यात बाकाच्या टोकाकडून आवाज आला. "मत वाया जात नसतं. मोजलं जातं."

पलीकडे नुसता वाऱ्याचा आवाज. कुत्र्याला खाजवणारा मॉरीससुद्धा थांबला, त्याला काय कळलं देव जाणे.

"आई," वैशाली म्हणाली, "नंतर करते हां." आणि फोन ठेवला.

वहिनी तिथंच रडल्या. दळवी म्हणाले, "मी नियम सांगितला." इंदूताई म्हणाल्या, "हो बाप्पा, नियमच."

नंतर कळलं, शेवटचा आठवडा पोरगी दारोदार हेच वाक्य सांगत फिरली. सुरुवात करायची, "माझे वडील म्हणतात..."

*

निकाल लागला. निळा निवडून आला, लाल दुसरा, वैशाली तिसरी.

बुधवारी आम्ही बाकावर जमलो. लाडू नव्हते. मॉरीस टोपी हातात घेऊन आला आणि दळवींच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. या वेळी ग्रँड म्हणाला नाही.

वहिनींनी फोन लावला. दळवी उठतील असं वाटलं. उठले नाहीत.

"आई, मी बाहेर आहे. गाडीत." वैशालीला धाप लागली होती. "बोर्ड काढतेय."

तिकडे लोक आपल्या घरापुढच्या गवतात उमेदवाराच्या नावाचे बोर्ड रोवू देतात. निवडणूक संपली की ज्याचे त्यानं काढून न्यायचे.

"एकटीच?" वहिनींनी विचारलं.

"बाकीचे कामावर गेले ग. त्यांनी महिनाभर रजा काढल्या होत्या माझ्यासाठी. मीच करते. जमीन कडक आहे, बोर्डांच्या रोवलेल्या तारा निघत नाहीत पटकन. आणि प्रत्येक घरात बाहेर येऊन सॉरी म्हणतात. मी हरले आणि सॉरी ते म्हणतात. ते ऐकवत—"

इंदूताई पदराशी खेळत होत्या. मी म्हणणार होतो काहीतरी, पण दळवींनी हात पुढे केला. वहिनींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी फोन त्या हातात दिला.

"वैशाली."

पलीकडे गाडीचं इंजिन बंद झालं.

"बाबा?"

"किती बोर्ड आहेत?"

"दोनशे चाळीस."

"यादी केलीयस?"

"हो. पत्त्यांसकट."

"काढला की खूण करत जा. घाई करू नकोस. हातमोजे आहेत?"

"आहेत, बाबा."

फोन कानाला नव्हता, स्पीकरच चालू होता, तरी दळवींनी तो कानाला लावला.

"मी येतो काढायला."

"बाबा, तुम्हाला इकडचा व्हिसा यायला दोन महिने लागतील." ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "आणि इथे आठवड्याच्या आत सगळे बोर्ड काढायचा नियम आहे."

दळवींनी नदीकडे पाहिलं. मग म्हणाले,

"एक राहू दे."