नानांचा ढग

आमच्या शेजारच्या नानांइतका आभाळाशी घरोबा असलेला माणूस शिरपूर तालुक्यात दुसरा नाही, आणि जमिनीवरचं इतकं कमी दिसणाराही नाही. माझ्या वाळत घातलेल्या बिबड्यांवरून, म्हणजे ज्वारीच्या पापडांवरून, ते दर वर्षी चालतात आणि वर सांगतात, "अक्का, यंदा कडक झाले."

जन्मभर पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या, म्हातारपणी जाड पाइपात आरसा बसवून दुर्बीण केली. लोक चंद्र बघतात, शनी बघतात. नानांना लागतो तो एकच धुळीचा ढग. त्याच्या टोकाशी एक कोवळा तारा आहे, अजून धड न स्थिरावलेला. ताऱ्याभोवती धूळ फिरते, तिची सावली ढगावर पडते, आणि महिना-पंधरा दिवसांत ढगाचं रूप पालटतं. "कंदिलापुढून माणसं गेली की भिंतीवर सावल्या हलतात ना, तसं," नाना म्हणाले. मला पटलं. चौथी शिकलेल्या बाईला पटेल असं बोलणारा माणूस हुशारच.

हिवाळ्यात जेवणं उरकली की ते गल्लीभर दिवे मालवायला सांगत फिरतात. समोरच्या सुनेनं एकदा विचारलं, "नाना, बरं आहे ना?" तर म्हणाले, "उजवी बाजू छान आहे. डावी जरा उतरली." तिला लकवाच वाटला. नवऱ्याला तिनं रिक्षा आणायला पळवलं.

गेल्या माघात मात्र नाना गप्प झाले. डावी बाजू रोज जास्तच काळवंडत होती. ढगावर सावली पडली की आपला डोळाच गेला, त्यांना कळेना. मला गच्चीवर बोलावलं.

"अक्का, घरचे माझं मन राखतात. तुम्ही राखत नाही. बघा."

बघितलं. पिठाचं बोट पुसावं एवढासा पांढुरका पंखा.

"दोन्ही बाजू सारख्या आहेत," मी म्हटलं. "तुमचा डोळा गेलाय, नाना."

ते पाइपावर हात ठेवून उभे राहिले. मग हसले. "म्हणजे ढगले काही व्हयनं नही!"

काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर जपा.

यंदा मी बघते, ते खुर्चीत बसून विचारतात. माझे गुडघे जिन्याला शिव्या देतात, तरी जाते. परवा डावीकडे खरंच काळं दिसलं. तसं सांगितलं. नानांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला. मग हळूच म्हणाले, "अक्का, ढगात, की तुमच्या डोळ्यात?"

मी पदरानं डोळा पुसून पुन्हा बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला चटकन सांगता येईना.