किळसेचं मूळ

‘थांबा, आधी हुंगू द्या,’ असं म्हणत ते चहाचा कप नाकाशी न्यायचे. असा एखादा चिकित्सक माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचे मुख्य केमिस्ट तसेच होते. अंबरनाथच्या एका रसायन कारखान्याच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं.

इंग्रजी शब्दांचंही त्यांना तेच वेड. एकदा डबा खाताना त्यांनी मला विचारलं, ‘ताई, रिपग्नन्स म्हणजे काय?’

‘किळस.’

‘हा झाला अर्थ. मूळ लॅटिन. पुग्नारे म्हणजे लढणं, रि म्हणजे उलट. नाक दाबून पळणं नव्हे हो, उलटून उभं राहणं!’

‘आधी जेवा, मग लढा,’ मी भेंडी पुढे सरकवली. ते खूप हसले.

पुढे एका उन्हाळ्यात कारखान्याचं घाण पाणी तसंच मागच्या नाल्यात सुटू लागलं. वस्तीतली एक बाई मुलीला कडेवर घेऊन गेटवर आली. मुलीचे पाय घोट्यापर्यंत सोलवटलेले, त्यांवर पिवळट पू. ‘बघा तुमच्या पाण्यानं काय केलं ते!’ मी तोंड फिरवलं. आमचे केमिस्टसाहेब मात्र वाकले आणि ते पाय हातात घेऊन बघत राहिले.

दुपारी मॅनेजर पाण्याच्या तपासणीचा कागद घेऊन आला. ‘सर, नॉर्मल लिहा.’

‘मला किळस येते.’

‘मग मास्क लावा ना!’

‘मास्क लावून सही करता येत नाही हो.’

त्यांनी खरे आकडे लिहिले आणि कागद स्वतः सरकारी कचेरीत नेऊन दिला. संध्याकाळी त्यांची नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी नवा कागद माझ्यापुढे आला. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, असं मनाशी म्हणत मी ‘नॉर्मल’ लिहिलं. पाणी अजून तसंच सुटतं. सही अजून माझीच असते.

मागच्या महिन्यात कुळगावच्या बाजारात ते भेटले. मला वाटलं, आता माझ्या सहीबद्दल काहीतरी बोलतील. ‘बऱ्या आहात ना ताई? मेथी छान आहे,’ म्हणत त्यांनी आपल्या पिशवीतली एक जुडी माझ्या पिशवीत घातली आणि निघून गेले.

घरी येऊन मी ती निवडली, धुतली, लसणाची फोडणी दिली. सगळ्यांना वाढली. माझा पहिला घास तोंडात फिरत राहिला. गिळवेना.