घूं गेलं, असं सगळे म्हणाले

मशीन उघडण्याआधी उकाईसान त्याला नमस्कार करतात. चांगला कमरेतून वाकून. "जरा त्रास देतोय हं," असं म्हणतात आणि मगच मागची फळी काढतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माझ्या मागे कोणीतरी उभं आहे. म्हणून मी वळून बघितलं, तर मागे नुसती भिंत!

त्याला आता एकतीस वर्षं झाली. माझं दुकान म्हणजे गावच्या गरम पाण्याच्या न्हाणीघराला चिकटून असलेली लांबट खोली आणि तिच्यात ओळीने उभी असलेली जुनी खेळांची मशीनं. आंघोळ करून लालबुंद झालेली माणसं येतात, नाणं टाकतात, विमानं पाडतात आणि घरी जातात. मशीनं चाळीस-चाळीस वर्षांची, त्यामुळे त्यांना माणसांसारखीच दुखणी. त्यातलं सगळ्यात चिवट दुखणं म्हणजे घूं. खेळ चालू नसतानाही भोंग्यातून एकसारखं घूंऽऽ येत राहतं. दिवसभर ऐकलं की डोकं उठतं.

या घूंचा वैद्य आमच्या सगळ्या खोऱ्यात एकच, उकाईसान. टोपी काढायची, डोळे मिटायचे, मशीनच्या अंगाला कान लावायचा, आणि "हं, आहे बाबा," म्हणायचं. आमच्या जपानात पूर्वेची वीज वेगळी आणि पश्चिमेची वेगळी. एकदा तर कान लावून म्हणाले, "हे मशीन डोंगरापलीकडून आलंय का? पश्चिमेकडच्या विजेचं घूं जरा वरच्या पट्टीत असतं. हे इथे येऊन खर्जात गेलंय, बिचाऱ्याला करमत नसेल." घ्या! मशीनला करमत नाही हे या माणसाला कळतं, पण स्वतःच्या बायकोच्या वाढदिवसाची आठवण दरवर्षी मला करून द्यावी लागते.

त्यांचा एक नियम होता. मशीनच्या पोटात कॅपॅसिटर नावाचे बोटाएवढे डबे असतात. विजेतली थरथर ते गाळून घेतात आणि म्हातारे झाले की गाळायचं सोडतात. दुसरा कोणी असता तर त्याने सगळे एकदम बदलले असते. उकाईसान एकेक ऐकून बघायचे. "जो तक्रार करत नाही, त्याला उगाच का हलवायचं?" म्हणायचे. काम झालं की मी चहा आणि माझ्या हातचं मुळ्याचं लोणचं पुढे ठेवायची. ते शेवटच्या फोडीपर्यंत खायचे. अशा माणसाला नावं ठेवायची तरी कशी?

गेल्या फेब्रुवारीत त्यांना चक्कर आली. आठवडाभर अंथरुणात होते. मार्चमध्ये उठून माझं चार नंबरचं मशीन दुरुस्त करायला आले. नमस्कार झाला, फळी निघाली, धूळ झटकून झाली, दोन स्क्रू पिळले. कान लावला. डोळे मिटले. मग हसून म्हणाले, "गेलं."

गेलं कुठलं! घूंऽऽ चालूच होतं.

न्हाणीघर सांभाळणारा मुरोई गळ्यात टॉवेल घालून दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"गेलं ना?" उकाईसाननी विचारलं.

"अहो, काय शांत वाटतंय!" मुरोई म्हणाला. मेला!

आणि मी? मी वाकले, आभार मानले आणि लोणचं आणायला आत गेले.

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं ना. सांगा की! तो म्हातारा समोर वाकून "काही चुकलं असेल तर माफ करा" म्हणत असताना तुम्ही या आणि सांगा. कुणालाच जमलं नाही. खालच्या खानावळीत, पुलापलीकडच्या दोन पथिकाश्रमांत, जिथे जिथे ते गेले तिथे घूं तसंच राहिलं, आणि लोकांनी काय केलं? मिठाईचे खोके दिले!

ऑक्टोबरात नागोयाहून पत्र आलं. जुन्या मशीनचे आवाज टिपून जपून ठेवणारी काही मंडळी येत्या रविवारी येणार होती, आणि माझ्याकडेच. कारण पत्रात लिहिलं होतं, 'उकाईसानच्या हातची मशीनं.' ते पत्र उकाईसाननी तीनदा वाचलं आणि कोट इस्त्रीला टाकला.

ती माणसं कानाला यंत्रं लावून बसणार. पहिल्याच मिनिटाला कोणीतरी परका पोरगा म्हणणार, "हे काय घुमतंय?" आणि तेही सगळ्या गावासमोर. एका मिनिटात या माणसाचा सगळा जन्म मातीमोल.

मग आम्ही सुचवायला लागलो. मुरोई म्हणाला, "उकाईसान, हल्ली मधमाश्या फार झाल्यात, नाही?"

"या थंडीत? नाही बुवा."

मी म्हटलं, "चार नंबरचा घसा जरा बसल्यासारखा वाटतो."

"असं? थांबा." त्यांनी आवाज वाढवला. घूंही वाढलं. मुरोई टॉवेलात तोंड खुपसून बाहेर पळाला.

गुरुवारी दुपारी ते मशीनच्या काचा पुसायला आले. मी दाराचा पडदा काढून ठेवला, म्हणजे दुकान बंद. चार नंबरची फळी स्वतः काढली.

"उकाईसान, हात द्या."

एकतीस वर्षांत आमच्या हातातून हातात चहाच्या पेल्याशिवाय काही गेलं नव्हतं. मी त्यांचं बोट धरलं आणि भोंग्याच्या काळ्या कागदावर ठेवलं. खेळ बंद होता, पण कागद थरथरत होता.

त्यांनी बोट उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"कधीपासून?"

"मार्चपासून."

"बाकीच्यांकडे?"

"सगळ्यांकडे. अकरा मशीनं आहेत."

"आणि तुम्ही मला मिठाई दिलीत!" त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मी पाठ वळवली की एकमेकांकडे बघत असाल!"

"बघत होतो," मी म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो हो."

"वाटलंच ना वाईट! पण मार्चमध्ये सांगितलं असतं तर एकदाच वाटलं असतं!"

मग ते स्टुलावर बसले. हळूहळू सांगायला लागले. माणसांचं बोलणं नीट येतं, पाखरं ऐकू येतात, पण खालचे सूर चक्कर आल्यापासून गेलेत. घरातला फ्रीजसुद्धा गप्प झालाय. "मला वाटलं, बायकोने फ्रीज परस्पर दुरुस्त करून घेतला. दुसऱ्या कोणाकडून! त्यावरून आठ महिने मी तिच्यावर रुसलोय."

"तिला विचारलंत का?"

"छे! असं कसं विचारायचं?"

मला रडता रडता हसू फुटलं. तेही हसले, पण डोळे पुसत.

त्याच दुपारी त्यांनी एकेका ठिकाणी जायला सुरुवात केली. आधी माणसांना नमस्कार, मग मशीनला. कान लावायचा नाही, भोंग्यावर बोट ठेवायचं. एकेक डबा बदलायचा आणि पुन्हा बोट ठेवायचं. शनिवारी दुपारपर्यंत अकराही मशीनं गप्प झाली. मी आणि मुरोई मागोमाग जाऊन ऐकून आलो. या वेळी आम्ही खरंच ऐकलं, आणि एका ठिकाणी "अजून आहे हो" असं तोंडाने सांगितलंसुद्धा. मुरोईला तेवढ्याने घाम फुटला.

रविवारी नागोयाच्या माणसाने कानाला यंत्र लावलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि तार नीट जोडली आहे का हे बघायला खाली वाकला. इतकी शांतता! "तुम्ही घूं शोधता कसं?" त्याने विचारलं. उकाईसाननी उजव्या हाताचं बोट वर केलं. "आता या कानाने," म्हणाले. गावासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मंडळी गेल्यावर मी चहा आणि लोणचं आणलं. उकाईसाननी टोपी काढली आणि लोणच्याच्या बशीला वाकून नमस्कार केला.

"इसोबेसान, तुम्ही मला सांगितलंत. आता मीही सांगायला हवं."

"काय?"

"हे फार खारट आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. गेल्या दोन-तीन वर्षांत जास्तच."

"आणि बाकीच्यांना?"

मी मुरोईकडे बघितलं. तो टॉवेलची घडी घालत होता. घडी आधीच घातलेली होती.

मी एक फोड उचलून तोंडात टाकली. नीट चावली. दुसरी टाकली.

शप्पथ सांगते, मला काहीच खारट लागलं नाही.