खोट्या डाकेवर आबांचा शेरा

धुळ्यात येणाऱ्या खोट्या ईमेलना कोणाची भीती वाटत असेल, तर ती पोलिसांची नाही, माझ्या सासऱ्यांची. हे मी जावई म्हणून लाडानं सांगत नाही. जावयाला सासऱ्याचं कौतुक करणं मुळात जड जातं, आणि मी जळगावचा असल्यामुळे धुळ्याचं कौतुक करणं त्याहून जड जातं. पण खरं ते खरं. तुमचं खातं बंद होणार, तुमची वीज तुटणार, तुमची पेन्शन अडकणार, परदेशातल्या कोण्या शेठची दौलत तुमच्या नावावर होणार, अशा थापा मारणारी जगभरची माणसं ज्या एका ओट्यापुढे हात टेकतात, तो ओटा धुळ्याच्या देवपुरात माझ्या सासुरवाडीचा आहे.

आबा, म्हणजे माझे सासरे, पोस्टमन होते. छत्तीस वर्षं त्यांनी सायकलवरून डाक वाटली आणि एकही पत्र चुकीच्या दारात पडू दिलं नाही, हे ते स्वतः सांगत नाहीत, पण दुसऱ्या कोणी सांगितलं तर अडवतही नाहीत. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या लेकीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना फोन घेऊन दिला आणि ईमेलचं खातं उघडून दिलं. नातवाचे फोटो बघत त्यांचा वेळ जाईल, असा तिचा हिशेब होता. आबांनी फोटो पाहिले, "बेस शे", म्हणजे छान आहेत, असं अहिराणीत म्हणाले, आणि ईमेलकडे वळले. त्या दिवसापासून ते पुन्हा नोकरीवर रुजू झाले आहेत. सकाळी आंघोळ, देवपूजा, चहा, आणि नऊच्या ठोक्याला ओट्यावर हजर. मधल्या काळात कोणी हाक मारली तर "डाक देखी ऱ्हायनू" एवढंच उत्तर येतं. सासूबाई माझ्याकडे बघून कपाळाला हात लावतात. "रिटायर व्हतीन तं भाजी निवडी देतीन असं वाटे माले," त्या म्हणतात, "तं ह्या खोटं निवडत बसतस."

निवडण्याची त्यांची पद्धत पक्की पोस्टातली. आलेल्या प्रत्येक ईमेलला कप्पा ठरलेला: खरं, खोटं, आणि अर्धं खोटं. या तिसऱ्या कप्प्यात काय असतं म्हणून मी एकदा डोकावलो, तर त्यात मी पाठवलेल्या आरोग्यविषयक सूचना ओळीनं लावलेल्या होत्या. खोटं ओळखायचे त्यांचे नियमही साधे आहेत. 'प्रिय ग्राहक' अशी सुरुवात दिसली की ते चष्मा काढून ठेवतात. "ज्याले मनं नाव माहीत नही, त्याले मी प्रिय कसा?" दुसरा नियम घाईचा. चोवीस तासांत करा, आत्ताच करा, नाहीतर अमुक होईल, असं कोणी लिहिलं की तो चोर. घाई करायचा मान फक्त तारेला होता, आणि तार करणारासुद्धा शेवटी आपलं नाव सांगायचा, असं त्यांचं म्हणणं. हे नियम मला तोंडपाठ असूनही मी मागच्या उन्हाळ्यात जळगावात वीज तोडण्याच्या एका ईमेलला भुललो होतो. लिंक दाबायच्या आधी सहज म्हणून त्यांना फोन लावला, तर पलीकडून आवाज आला, "जावईबापू, पहिले हात मांगे ल्या." मी हात मागे घेतला आणि माझा पगार वाचला.

पण आबांचा राग बघायचा असेल तर पार्सलच्या ईमेलच्या वेळी बघावा. तुमचं पार्सल पोस्टात अडकलं आहे, पत्ता अपुरा आहे, पुढच्या लिंकवर जाऊन माहिती भरा, असं काहीसं त्यात असतं. इतर थापा त्यांना गंमत वाटतात, ही थाप त्यांना बदनामी वाटते. "पत्ता अपुरा व्हता तं पोस्टमन लिंक धाडस का? पोस्टमन शेजारीनले इचारस!" असं ते ज्या आवाजात ओरडतात, त्यानं समोरच्या घरातलं कुत्रं उठून आत जातं. सुरुवातीला ते अशा प्रत्येक ईमेलला उत्तर पाठवायचे: 'पत्त्यावर असा मूर्ख मनुष्य राहत नाही, पाठवणाऱ्यास परत.' बायकोनं त्यांना समजावलं, की उत्तर दिलं की खातं चालू आहे हे चोरांना कळतं आणि ते आणखी पाठवतात. हे ऐकून त्यांनी महिनाभर दुप्पट उत्तरं दिली, कारण डाक वाढलेली त्यांना हवीच होती. शेवटी सासूबाईंनी फोन पिठाच्या डब्यात लपवला, तेव्हा कुठे ते थांबले.

थांबण्यापूर्वीचं त्यांचं एक उत्तर मात्र गल्लीत अजून सांगतात. कोणी एका परदेशी विधवेनं इंग्रजीत लिहिलं होतं, की माझे यजमान वारले, त्यांची अफाट संपत्ती एका सज्जन माणसाला द्यायची आहे. आबांनी लेकीकडून अर्थ समजून घेतला आणि शुद्ध मराठीत सांत्वनाचं पत्र पाठवलं. 'आपले यजमान गेल्याचे वाचून वाईट वाटले. दहाव्याला कावळा लवकर शिवला का, ते कळवावे.' दोन दिवसांनी बाईंचं उत्तर आलं, की बँकेचा खाते क्रमांक कळवा. आबांनी ओट्यावर सगळ्यांसमोर निकाल दिला. "कावळानं काही सांगत नही नि खाता नंबर इचारस. हिना नवरा मरेल नही शे." जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. ज्या बाईला कावळ्याची काळजी नाही, तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?

तर अशा या माणसाचं एकदा चुकलं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

शेजारी एक रिक्षावाले भाऊ राहतात. त्यांची मुलगी हर्षदा. केमिकलचा डिप्लोमा करून वर्षभर घरी बसली होती, अर्जांवर अर्ज करत होती, आणि आता घरात तिच्या लग्नाचा विषय निघायला लागला होता. एका शनिवारी सकाळी ती फोन घेऊन धावत ओट्यावर आली. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका नव्या कंपनीचं नेमणुकीसाठी बोलावणारं पत्र होतं. आम्ही मुक्कामाला आलो होतो, म्हणून मीही शेजारीच बसलो होतो. आबांनी फोन हातात घेतला. सुरुवातीला 'प्रिय उमेदवार'. पुढे, सोमवारी सकाळी दहापर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर व्हा, नंतर विचार होणार नाही. फोन नंबर नाही. ईमेलचा पत्ता कंपनीच्या नावाचा नाही, कोणीही फुकट उघडावा तसला. एकेका नियमाला आबांचं बोट आपोआप वळत गेलं. "खोटं शे, बेटा," ते म्हणाले, आणि तिनं मान हलवायच्या आत तो ईमेल पुसून टाकला. वर कचऱ्याची पेटीही रिकामी केली, म्हणजे पोरीला पुन्हा मोह नको. आबांच्या निकालावर त्या गल्लीत अपील नसतं. हर्षदा फोन घेऊन घरात गेली, आणि दिवसभर बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरीत. आबांनी घास उचलला, तोंडाजवळ नेला आणि तसाच ताटात ठेवला. "जावईबापू," ते म्हणाले, "त्या पत्रमा खूण व्हती." मला काही कळेना. मग ते हात न धुताच सांगायला लागले. पत्राच्या तळाशी प्लॉट नंबरनंतर लिहिलं होतं: पाण्याच्या टाकीसमोर, टायरवाल्याच्या मागचं निळं गेट. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. खोटा माणूस पत्ता लिहितो, पण खूण लिहीत नाही, कारण खूण लिहायला त्या जागी उभं राहावं लागतं. जिथे कोणी आपल्याला शोधत यावं असं वाटतं, तिथलीच खूण माणूस सांगतो.

ते तसेच उठले आणि शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. रिक्षावाले भाऊ, त्यांची बायको, हर्षदा, सगळे बाहेर आले. गल्लीतल्या चार खिडक्याही उघडल्या. "चूक मनी शे," आबा म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "सकाय तठे जाईसन देखूत. दारशी गयाबिगर पत्ता खरा का खोटा, समजत नही."

सोमवारी सकाळी शिरपूरच्या बसनं आबा, हर्षदा आणि मी नरडाण्याला उतरलो. पाण्याची टाकी होती. टायरवाला होता. त्याच्या मागे गेट होतं, आणि निळं होतं. मला हायसं वाटलं, पण गेटवरचा रखवालदार म्हणाला, "पत्र दाखवा." पत्र कुठून दाखवणार? ते तर आबांनी स्वतःच्या हातानं पुसलं होतं. हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं. पावणेदहा झाले होते. तेव्हा आबा पुढे झाले, डोळे मिटले, आणि पत्राचा जावक क्रमांक, आडव्या रेघांसकट, घडाघडा म्हणून दाखवला. मग तारीख, मग प्लॉट नंबर, मग खाली सही करणाऱ्याचं नाव. एकदाच वाचलेलं पत्र होतं ते, आणि तेही चिडून. रखवालदारानं वहीतल्या यादीशी आकडे ताडून पाहिले, मग आत फोन लावला.

आतून एक तरुण साहेब आले. कंपनी नवी, ईमेलची व्यवस्था अजून झालेली नाही, म्हणून साध्या खात्यावरून पत्रं पाठवली, असं त्यांनी सांगितलं. "पाच जणांना बोलावलं होतं. दहा वाजत आले, आणि ही पहिलीच आली. आम्हाला वाटलं, पोरांना नोकरीच नकोय." यावर आबांनी त्यांना गेटमध्येच उभं करून शिकवणी दिली. "साहेब, तुमनं पत्र खरं शे, पन दिखस खोटं. पोरनं नाव लिखा. फोन लिखा. नि इतली घाई करू नका." साहेबांनी मुकाट्यानं खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतलं. माझ्या सासऱ्यांचा मला त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो मी बायकोलाही अजून पुरता सांगितलेला नाही.

हर्षदा आत गेली. आपलं काम झालं, आता निघू, असं मी म्हणालो, पण आबा गेटसमोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकावरून हलेनात. ऊन चढलं, दोनदा चहा झाला, जेवणाची वेळ टळली. अडीचच्या सुमाराला ती गेटमधून बाहेर आली. हातात नेमणुकीचा कागद होता आणि ती चालता चालता तो पुन्हा पुन्हा वाचत होती, हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. आम्ही समोर बसलो आहोत हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मी हाक मारणार होतो, तर आबांनी माझा हात धरला. "वाचू द्या तिले."

परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, की पोस्टमननं पत्र द्यावं आणि वळावं, दारात रेंगाळू नये, आतली बातमी आपली नसते, असं त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि त्यांनी ते कधी मोडलं नाही. "इतला कागद वाटात मी," ते म्हणाले, "पन वाचतांना मानूस कसा दिखस, ते आज देखं." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसायला काढला, आणि धुळं येईपर्यंत तो पुन्हा डोळ्यांवर चढवला नाही.